इंदूरचा सराफा: रात्रीची खादाडी नीट कशी प्लॅन करायची

इंदूरला जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो की सराफ्यात जाच, आणि त्यातले निम्मे जण लगेच पुढे हेही सांगतात की "अरे दोन-तीन गोष्टीतच पोट भरलं, बाकीचं राहूनच गेलं." कारण काय, तर गल्लीच्या तोंडाशी पहिला जो स्टॉल दिसला तिथेच फुल प्लेट घेऊन उभे राहिले. सराफ्यात पैसे कमी पडत नाहीत, पोट कमी पडतं. त्यामुळे हा पूर्ण लेख पोटात जागा कशी पुरवायची यावरच आहे असं समजा. माझी आत्या इंदूरला रामबागेकडे राहते त्यामुळे आमचं जाणं-येणं असतं, आणि इकडून कुणी निघालं की मला हेच सगळं फोनवर सांगावं लागतं, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

आधी हे आहे काय ते

सराफा म्हणजे नावाप्रमाणे सोन्याचांदीचा बाजार. राजवाड्याला लागून आहे, बडा सराफा आणि छोटा सराफा अशा गल्ल्या. दिवसा इथे दागिने, भट्ट्या, तराजू, सगळं सराफी काम. रात्री आठच्या सुमारास शटरं खाली यायला लागतात आणि त्याच दुकानांच्या ओट्यांवर, पायऱ्यांवर, समोरच्या रस्त्यावर कढया, पराती, शेगड्या मांडल्या जातात. नऊला सुरुवात, दहानंतर खरी रंगत, आणि मध्यरात्र उलटून एक-दोनपर्यंत गर्दी. तिथले जुने लोक सांगतात की रात्री गल्लीत माणसांची वर्दळ राहिली तर दुकानं सुरक्षित राहतात म्हणून सराफांनीच खाणाऱ्यांना जागा दिली. खरं-खोटं तेच जाणोत पण पटण्यासारखं आहे.

आणि हो, सगळं शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. इंदुरात जैन मंडळी भरपूर, त्यामुळे कांदा-लसूण नको असेल तर बिनधास्त सांगा, कुणी वाकडं तोंड करत नाही.

आपल्या लोकांना इथे उगाच परकं वाटत नाही त्याला कारण आहे. होळकरांचं गाव हे. मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३ चा, जेजुरीजवळच्या होळ गावचा. अहिल्याबाई १७२५ साली चौंडीला जन्मल्या, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातल्या, त्यांनी राजधानी महेश्वरला नेली, आणि १८१८ च्या मंदसौर तहानंतर ती इंदूरला आली. त्यामुळे इथे पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घरं आहेत, मराठी शाळा-संस्था आहेत, बस स्टँडचं नाव सरवटे आहे. स्टॉलवाला हिंदीतच बोलणार पण तुमचं आपसातलं मराठी त्याला कळत असण्याची शक्यता बरीच आहे, तेव्हा "महाग लावतोय बहुतेक" वगैरे हळू बोला.

कधी जायचं

हा मुद्दा लोक उडवून लावतात, पण कधी गेलात यावरच काय मिळेल ते ठरतं.

हिवाळा, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, माझ्या मते सगळ्यात बेस्ट. गराडू (तळून मसाला लावलेला कंद) फक्त तेव्हाच मिळतो, मुगाचा हलवा, गाजर हलवा, गरम दूध, रबडी हे सगळं थंडीतच खायला मजा. फक्त डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते, पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा मुंबईकरांनो, एक पातळ जॅकेट आणलंय म्हणून खूश होऊ नका, शाल-टोपी घ्या.

पावसाळ्यात गेलात तर भुट्टे का कीस एकदम कोवळ्या कणसांचा मिळतो. तसा तो आता बारा महिने मिळतो पण जुलै ते सप्टेंबरमधली चव वेगळीच. पाऊस जोरात असेल तर मात्र उभं राहून खायचं वांधं होतं, निम्मे स्टॉल ताडपत्रीखाली आणि आपण छत्रीखाली. उन्हाळ्यात दिवसा भाजून निघाल पण रात्र बरी असते, तेव्हा कुल्फी-शिकंजीवर भर द्या.

वार म्हणाल तर सोमवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी अख्खं इंदूर तिथेच असतं, त्यात उज्जैन-ओंकारेश्वर करून आलेले पर्यटक वेगळे, ढकलाढकलीत द्रोण हातात धरणं हेच एक काम होतं.

सणांचं बघून घ्या. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर निघते, लाखो लोक रंगात, ती बघायलाच जाणार असाल तर जरूर जा, पण त्या दिवशी खाण्याचा प्लॅन ठेवू नका. अनंत चतुर्दशीच्या रात्री झाक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक निघते, तेव्हाही या भागात गाड्या बंद. आणि धनत्रयोदशी-दिवाळीत सराफांचा स्वतःचाच धंद्याचा सीझन असतो, रात्रीची चौपाटी तेव्हा बंदही असू शकते, हॉटेलवाल्याला आधी फोन करून विचारा.

पोहोचायचं कसं, उतरायचं कुठे

मुंबई सेंट्रलहून अवंतिका एक्स्प्रेस, संध्याकाळी बसलं की सकाळी इंदूर. पुण्याकडूनही थेट ट्रेन आहे. नाशिक-धुळ्याकडची मंडळी सरळ मुंबई-आग्रा रोडने गाडी घेऊन येतात, सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाट लागतो तिथे ट्रकांची रांग असते, त्यामुळे अंधार पडायच्या आत घाट ओलांडा. विमानतळ शहराला लागूनच आहे.

राहायला शक्यतो राजवाडा किंवा रेल्वे स्टेशन-सरवटे स्टँडच्या आसपास बघा. विजयनगर वगैरे नवीन भागात हॉटेलं चकाचक आहेत पण रात्री एक वाजता भरल्या पोटी तिथवर परत जाणं कंटाळवाणं होतं. स्वतःची गाडी असली तरी हॉटेलवरच ठेवा, राजवाड्याच्या गल्ल्यांत पार्किंगच्या नादाला लागू नका. रिक्षा किंवा ई-रिक्षाने राजवाडा चौकात उतरायचं, कुणालाही "सराफा?" एवढंच विचारलं की हात दाखवतो, चालत पाच मिनिटं.

दिवसभर काय करायचं, म्हणजे काय खायचं नाही

सकाळी पोहे खा (त्याबद्दल खाली), दुपारी बाराच्या सुमारास हलकं जेवण, वरण-भात-ताक टाईप, आणि मग रात्री नऊपर्यंत काही नाही. चहा चालेल. कुणी म्हणेल संध्याकाळी छप्पन दुकानला जाऊन थोडं थोडं खाऊ आणि मग सराफ्याला जाऊ. नको. छप्पन दुकान हा वेगळ्या दिवसाचा विषय आहे. न्यू पलासियात आहे, खरोखर छप्पन दुकानांची रांग, आता वाहनं बंद करून मस्त केलंय, तिथला जॉनी हॉट डॉग, विजय चाट, सगळं खायलाच हवं, पण त्याच दिवशी नाही.

रिकाम्या वेळात राजवाडा बघा. १७४७ च्या सुमारास मल्हाररावांच्या काळात काम सुरू झालेली ही सात मजली इमारत, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी, त्यामुळे आगीने बऱ्याचदा होरपळली, १९८४ च्या दंगलीत तर मागचा भाग जवळपास गेलाच होता, नंतर पुन्हा बांधला. तिथून चालत कृष्णपुरा छत्र्या (होळकरांची स्मारकं), मग इतवारिया बाजारात काच मंदिर, शेठ हुकुमचंदांनी बांधलेलं जैन मंदिर, भिंती-छत-खांब-फरशी सगळं काचेचं. साड्या घ्यायच्या तर सीतलामाता बाजारही याच भागात. थोडक्यात चालणं भरपूर झालं पाहिजे, भूक त्यानेच लागते.

हॉटेलवर येऊन तासभर आडवं व्हा. हे मी सिरियसली सांगतेय, रात्रीचे दोन-तीन तास उभ्याने काढायचे आहेत.

बरोबर घ्यायच्या गोष्टी: पाण्याची बाटली, ओले टिश्यू, सुटे पैसे (यूपीआय सगळीकडे चालतं पण गर्दीत नेटवर्क रुसतं), बंद बूट-चप्पल, आणि एक छोटा स्टीलचा डबा. डब्याला लोक हसतात आणि नंतर तोच मागतात.

पहिली फेरी: हात खिशात ठेवून

साडेनऊच्या सुमारास पोहोचा. आणि आता सगळ्यात अवघड स्टेप, पूर्ण गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायची आणि काहीही घ्यायचं नाही. वीस मिनिटं लागतील. बघायचं काय, तर कुठल्या स्टॉलवर इंदूरचेच लोक आहेत, फॅमिली, म्हातारी जोडपी, बाईकवर आलेली पोरं, आणि कुठे फक्त मोबाईल धरलेले आपल्यासारखे. कुठे माल ताजा तळला जातोय आणि कुठे ढीग मांडून ठेवलाय. दराची पाटी लावलेली असते ती वाचून ठेवा.

या फेरीतच कळेल की मोमो, चाऊमीन, पिझ्झा, पावभाजी, चीजचा डोंगर घातलेले डोसे, धूर सोडणारी पानं असलं पण भरपूर आहे. गेल्या काही वर्षांत हे फार वाढलं, त्यावरून सराफ व्यापारी आणि चौपाटीवाले यांच्यात कुरबुरीही चालतात, गर्दी, गॅस सिलिंडर, आगीची भीती, आणि इथे पारंपरिक पदार्थच राहावेत ही मागणी. मी त्या मागणीच्या बाजूने आहे. चाऊमीन डोंबिवलीतही मिळतं हो. पोटातली जागा माळव्याच्या पदार्थांना द्या.

नियम फक्त दोन. चार जणांत एक प्लेट, कितीही आवडलं तरी दुसरी प्लेट शेवटी. आणि गोड-तिखट-गोड असं फिरत राहायचं, सगळं तिखट आधी आणि सगळं गोड नंतर असं केलं तर शेवटचा तासभर नुसता पाक पीत बसावं लागतं.

खायला सुरुवात: भुट्टे का कीस

इथूनच सुरू करा कारण हा मऊ, गरम आणि पोटाला सोपा आहे. कोवळं कणीस किसणीवर किसायचं, तुपात जिरं-मोहरी-हिंग-हिरवी मिरची, त्यात कीस परतायचा आणि मग दूध घालून आटवत शिजवायचा. दिसायला आपल्या उपम्यासारखा पिवळट, चव मात्र दुधाळ-गोडसर आणि मागून मिरची. स्टॉलवर मोठी परात असते, मधे गरम कीस, कडेला ढीग लावलेला, मागितला की द्रोणात घालून वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू, शेव. लिंबू जास्त मागून घ्या, त्याशिवाय तो थोडा मिळमिळीत लागतो. चांगला कीस कसा ओळखायचा तर तो दाणेदार दिसला पाहिजे आणि चमच्याला चिकटून लगदा झालेला नसावा. फार वेळ परातीत राहिलेला कोरडा पडतो, तो नको, सरळ विचारा "ताजा कब निकाला?"

गराडू (फक्त थंडीत)

कोनफळाच्या भावकीतला कंद. एकदा तळून ढीग करून ठेवतात, ऑर्डर दिली की पुन्हा कढईत, बाहेरून खरपूस होईपर्यंत, मग एका भांड्यात टाकून वर जीरावन मसाला आणि लिंबू पिळून खळाखळा हलवतात. बाहेर कुरकुरीत आणि आत रताळ्यापेक्षा पिठूळ. हे भांडं हलवायचं जे काम आहे ना ते नीट बघा, मसाला प्रत्येक फोडीला लागला पाहिजे म्हणून तो माणूस मनगटाने चार-पाच झटके देतो आणि एक फोड खाली पडत नाही.

दोन सूचना. भाजून जिभेची वाट लागते, थांबा. आणि हा जड आहे, एका माणसाने चार-पाच फोडींवर थांबावं. घरी करायची हौस आली तर कच्चा कंद चिरताना हाताला तेल लावा, खाज सुटते.

जीरावन म्हणजे इंदूरचा ट्रेडमार्कच. जिरं, धणे, बडीशेप, सुंठ, हिंग, आमचूर, काळं मीठ, लाल तिखट, लवंग वगैरे गरम मसाले, असं सगळं भाजून दळलेली पूड. पोह्यांवर, गराडूवर, चाटवर, काकडीवर, काही विचारू नका.

जोशी दही बडा

आता इथे रांग असणारच, उभं राहा. बडा सराफ्यातलं जोशी दही बडा हाउस व्हिडिओंमुळे देशभर माहीत झालंय, आणि ही एक गोष्ट अशी आहे की जी व्हिडिओत बघूनही प्रत्यक्ष बघावी लागते. पानाच्या द्रोणात भिजवलेला उडदाचा बडा, त्यावर घट्ट फेटलेलं दही काठोकाठ, आणि मग तो द्रोण सरळ हवेत उडवतात, गोल फिरतो, परत हातात येतो, दही सांडत नाही. लोक ओरडतात. पण माझ्या मते खरी कमाल त्याच्या नंतरची आहे. एका चिमटीत पाच मसाले उचलायचे आणि एकेक करून वेगवेगळे सोडायचे, मीठ पडलं, मग काळं मीठ, मग तिखट, जिरं, असं, बोटांच्या फटीतून, एकात एक न मिसळता. हे पुढच्या रांगेतून बघायचं, मागून दिसत नाही, त्यामुळे नंबर जवळ आला की मोबाईल खाली ठेवा आणि बोटांकडे बघा.

चवीला? चांगला आहे, दही गोडसर आणि बडा कापसासारखा मऊ. लोक "बडा ठीकच होता, शो जास्त" म्हणतात तेही ऐकलंय, मला पटत नाही. गराडू-कीस झाल्यावर हा थंड बडा पोटाला बरा वाटतो, म्हणूनच याला तिसरा नंबर दिलाय.

साबुदाणा खिचडी, हो, खाच

इथे आपली मंडळी नाक मुरडतात, "खिचडी काय, घरी दर चतुर्थीला असतेच." ही ती नाही. इथे साबुदाणा कढईत परतत नाहीत, गरम पाण्याच्या भांड्यावर वाफेवर मोकळा ठेवतात. तुम्ही मागितला की तेवढाच एका भांड्यात घ्यायचा, त्यात दाणे, हिरवी मिरची, मसाला, लिंबू, कोथिंबीर, फराळी चिवडा, बटाट्याचा कुरकुरीत कीस असं एकेक टाकून कालवायचा आणि द्रोणात द्यायचा. तूप-जिऱ्याची फोडणी नसल्याने हलकी लागते, भेळेच्या जवळ जाते. साबुदाण्याचा दाणा न् दाणा सुटा असतो, आपल्याकडे ज्यांची खिचडी गोळा होते त्यांनी उभं राहून बघावं. माझ्या आईचं मत विचाराल तर "ही खिचडी नव्हे," आणि तरी द्रोण तिनेच संपवला.

उपवास असणाऱ्यांनी मात्र विचारून घ्या, मसाल्यात आणि चिवड्यात काय काय आहे ते, कारण आपले आणि त्यांचे उपवासाचे नियम वेगळे. हळद-धणे आपल्याकडे बऱ्याच घरात चालत नाहीत.

खोपरा पॅटिस आणि बाकी तिखट

खोपरा पॅटिस विजय चाट हाउसचा फेमस. बाहेर बटाट्याचं आवरण, आत ओल्या खोबऱ्याचं सारण, तळलेला, चटणीबरोबर. छप्पनलाही त्यांचं दुकान आहे त्यामुळे पोट भरत आलं असेल तर इथे सोडा. कांजी वडा दिसला तर घ्या, मोहरीच्या आंबट पाण्यातला वडा, जड खाण्यानंतर पचायला मदत होते असं म्हणतात, मला तर त्याचं पाणीच आवडतं. पाणीपुरी वेगवेगळ्या पाण्यांची असते, ठीक आहे, त्यासाठी इंदूरला यायची गरज नाही.

गोड

जलेबा. जिलबी नाही, जलेबा, एकच अगडबंब वेटोळं, पाव किलोच्या घरात, ताटलीएवढं. चौघांत एक, आणि तरी उरतो. रबडी घालून देतात, नको म्हणा, पहिला घास नुसता खा, गरम असताना बाहेर कडक आणि आत पाक, मग वाटलं तर रबडी. उरलेला डब्यात. सकाळी पोह्यांबरोबर नाही का लागणार.

मावा बाटी म्हणजे गुलाबजामचा थोरला भाऊ, खव्याची, आत सुकामेवा भरलेला, तळून पाकात सोडलेली. एकाने अर्धी. मालपुआ गरम तव्यावरून उतरताना घ्या, आधीच पाकात पडलेले नको. थंडीत मुगाचा हलवा. हे सगळं एका रात्रीत करू नका, दोन निवडा, जलेबा आणि अजून एक.

शिकंजी मागवताना सांभाळून. उत्तरेकडे शिकंजी म्हणजे लिंबूपाणी असतं आणि इंदुरात ते दूध आटवून, रबडी, केशर, सुकामेवा घातलेलं घट्ट पेय असतं, किंचित आंबटसर, चमच्याने खावं लागतं. नागोरी या दुकानाची नावाजलेली. "जेवण जड झालं, एक शिकंजी घेऊ" म्हणून ग्लास संपवला तर झोपायचं विसरा. एक ग्लास, चार चमचे.

कुल्फीवाले एक जण अंगभर सोनं घालून बसतात, ते ओळखायला पत्ता लागत नाही. कुल्फी-फालुदा बरा असतो, लोक बहुतेक फोटोसाठी उभे असतात.

शेवट साधं पान. आगीचं पान तोंडात घालायचं असेल तर तुमची तुम्ही जबाबदारी.

लहान मुलं, आजी-आजोबा, पथ्यवाले

लहान मुलांना घेऊन साडेनऊ ते साडेदहा, त्यानंतर गर्दी वाढते आणि ती पेंगायला लागतात. बाबागाडी अजिबात नेऊ नका. मुलांना कीस, जलेबा, कुल्फी पुरे, कढयांपासून लांब धरा, गरम तेल अगदी रस्त्याच्या लेव्हलला असतं.

वयस्कर माणसांना बसायला जागा मिळणं हा खरा प्रॉब्लेम. सराफांच्या बंद दुकानांच्या पायऱ्या असतात, तिथे एकाला बसवून बाकीच्यांनी द्रोण आणून द्यायचे, ही पद्धत सगळ्यात चांगली. डायबेटिसवाल्यांनी कीस, दही बडा (वरून गोड चटणी नको सांगून) आणि कांजी वडा यावर राहावं. तिखटाचं म्हणाल तर कोल्हापूर-नागपूरच्या माणसाला इथे काहीच तिखट लागणार नाही, पुणेकरांनी "मिर्ची कम" म्हणावं.

कचरा टाकायचा तर डब्यातच. इंदूर २०१७ पासून सलग बरीच वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलंय आणि तिथल्या लोकांना त्याचा खराखुरा अभिमान आहे, द्रोण रस्त्यावर टाकलात तर स्टॉलवाला सोडा, शेजारी खाणारा अनोळखी माणूसच "भिया, डस्टबिन उधर है" म्हणून सुनावेल. बरोबरच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळ

उशिरा उठाल, तरी दहाच्या आत पोह्यांना पोहोचा. इंदुरी पोहे आपल्यासारखे फोडणीत खमंग परतलेले नसतात, वाफेवर ठेवलेले, मऊ, किंचित गोड, बडीशेपेचा वास, वर शेव, कांदा, डाळिंबाचे दाणे, जीरावन, आणि सोबत जिलबी. काही ठिकाणी उसळ पोहे मिळतात, पोह्यांवर झणझणीत उसळीची तर्री, नागपूरच्या तर्री पोह्यांची आठवण येते. आदल्या रात्रीच्या गोडानंतर मला हेच लागतात. कुठल्या दुकानात, हे विचारू नका, प्रत्येक इंदूरकराचा आपापला पोहेवाला असतो आणि बाकी सगळे त्याच्या मते बेकार असतात. हॉटेलच्या वॉचमनला विचारा, त्याच्याइतकं खरं कुणी सांगत नाही.

घरी न्यायला

शेव आणि जीरावन, बाकी काही ओढत नेऊ नका. शेवेत लवंगवाली, लसणाची, पालकाची, जाड-बारीक असे असंख्य प्रकार, दुकानदार चव बघायला देतो, लाजू नका. रतलामी शेवेला जीआय टॅग आहे, ती तिखट आणि लवंगेची, इंदुरातही सगळीकडे मिळते. शेव पॅक करताना तारीख विचारा आणि हवाबंद पाकीट मागा, सुटी शेव घेतलीत तर ट्रेनमध्येच चुरा होतो. जीरावन पाव किलो भरपूर होतं, घरी आल्यावर काचेच्या बरणीत, ओला चमचा नको.

आणि ज्यांना कीस घरी करायचाय त्यांच्यासाठी, कारण दर वेळी विचारतात: चार देशी कोवळी कणसं जाड किसणीवर किसा. स्वीट कॉर्न घेतलंत तर फार पाणी सुटतं आणि भलतंच गोड होतं, नाइलाज असेल तर दूध निम्मं करा. दोन मोठे चमचे तुपात जिरं, मोहरी, हिंग, ठेचलेली मिरची-आलं, चिमूटभर हळद, मग कीस घालून मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं परता, कच्चा वास गेला पाहिजे, तळाला लागतो त्यामुळे हलवत राहा. मग एक कप कोमट दूध, मीठ, चवीपुरती साखर, झाकण ठेवून दूध आटेपर्यंत. दूध थंड आणि मीठ आधी घातलं तर फाटू शकतं, म्हणून मीठ शेवटी घातलं तरी चालतं. वरून लिंबू, खोबरं, कोथिंबीर, आणि नुकतीच आणलेली शेव.

परतीची गाडी संध्याकाळची असेल तर दुपारचं जेवण टाळून सरळ छप्पनला जा, सामान हॉटेलच्या क्लोक रूमला ठेवा, आणि स्टेशनला अर्धा तास आधी पोहोचा, कारण शेवेच्या पिशव्या वरच्या रॅकवर चढवायला सगळ्यांचीच झुंबड असते.